तालुक्याच्या कॉलेजातली तीन वर्षं

आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा-दिग्रसच्या पट्ट्यात बारावी झालेल्या पोरीला शेजारची काकू विचारते, "आता काय करून रायली वं?" पोरगी म्हणते, "बी.ए.ला नाव टाकलं." त्यावर काकूचं ठरलेलं असतं, "बरं केलं, फारम भराले डिग्री लागतेच ना!" पुढे कोणी काही विचारत नाही. विषय कोणते घेतले, शिकवतं कोण, त्यात आवडलं काय, हे प्रश्न घरातही निघत नाहीत. पदवी म्हणजे भरतीच्या फॉर्ममधला एक रकाना, असं सगळ्यांनीच धरून चाललेलं असतं.

मी भूगोल घेऊन बी.ए. झाले, अमरावतीला एम.ए. केलं आणि आज पाणलोट विकासाचं काम करणाऱ्या एका संस्थेत नकाशे तयार करते. आमच्या घरातली पहिली पदवीधर मीच. यंदा ज्या पोरापोरींनी तालुक्याच्या कॉलेजात नाव टाकलं, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मला सांगायचं ते एवढंच की ही तीन वर्षं फॉर्मच्या रकान्यासाठी खर्च करू नका. एक विषय मनापासून शिका. साध्या, बिनझगमगाटी कॉलेजातही तो शिकता येतो, हे मी स्वतः अनुभवलं आहे.

अभ्यासिकेबद्दल आधी बोलते, कारण बहुतेकांचं मन तिथे गुंतलेलं असतं. पहिल्या वर्षापासूनच पोरं अभ्यासिका लावतात. सकाळी कॉलेजात हजेरी देऊन दिवसभर तिथे सामान्य ज्ञानाची पुस्तकं पाठ करतात. पोलीस भरतीसाठी पहाटे डांबरी रस्त्यावर धावणाऱ्या पोरापोरींबद्दल मला फार आदर आहे, त्यांच्या घाममेहनतीला मी नावं ठेवणार नाही. पण आकडे बघा. २०२३ च्या तलाठी भरतीत राज्यभरात ४,६४४ जागा होत्या आणि अर्ज आले १० लाखांच्या वर. एका जागेमागे दोनशेहून जास्त जण. त्या दोनशेतल्या बाकीच्यांच्या हाती काय राहतं? ज्याने पदवीचा विषय नीट शिकलेला असतो, त्याच्याकडे तो विषय तरी राहतो. शिवाय राज्यसेवेला खुल्या प्रवर्गासाठी ३८ आणि मागासवर्गीयांसाठी ४३ वर्षांपर्यंत वयाची मुदत आहे, म्हणजे विशीतली तीन वर्षं कॉलेजला दिली तर संधी हुकत नाही. आणि राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली आहे. ज्याने तीन वर्षं स्वतःच्या शब्दांत उत्तरं लिहिली, त्याचा हात तिथे चालणार. गाईड पाठ करून पास झालेल्याला चार ओळींनंतर काय लिहावं ते सुचत नाही.

आता माझ्या विषयाकडे येते. भूगोल मी घेतला तो 'सोपा जातो' असं ऐकून. दुसऱ्या वर्षी प्रात्यक्षिकाच्या तासाला सरांनी टेबलावर भारतीय सर्वेक्षण विभागाचं भूपत्रक पसरलं, आपल्याच तालुक्याचं. प्रमाण एकास पन्नास हजार, म्हणजे नकाशावरचे दोन सेंटिमीटर जमिनीवरचा एक किलोमीटर. सर म्हणाले, "आपापलं गाव शोधा." आम्ही सगळे टेबलावर वाकलो. माझं गाव सापडलं, गावाशेजारचा तांडा सापडला, आमच्या वावराच्या कडेने जाणारा नालाही सापडला. नाला काळ्या रेषेत दाखवला होता. ज्यात बारा महिने पाणी असतं तो प्रवाह निळा, पावसाळ्यानंतर आटतो तो काळा. मग तपकिरी समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या. दोन रेषांत वीस मीटरचा फरक. रेषा दाटीने आल्या की तिथे चढ उभा, विरळ असल्या की जमीन सपाट. तांड्याच्या मागे त्या एकमेकींना खेटून होत्या आणि तांडा नेमका दोन ओघळांमधल्या उंचवट्यावर बसला होता.

आमच्या तांड्याच्या विहिरी होळीच्या आधीच आटतात. गावात त्याची कारणं काहीबाही सांगतात. कोणी म्हणे विहीर चुकीच्या दिवशी खोदली, कोणी म्हणे पाणाड्याने, म्हणजे जमिनीतलं पाणी दाखवणाऱ्याने, फसवलं. त्या दिवशी सरांनी नकाशावर बोट फिरवून दाखवलं की आपल्याकडे खाली काळा पाषाण आहे. त्यात पाणी मुरतं ते वरच्या झिजलेल्या थरात, मुरमात आणि खडकाच्या भेगांत. उंचवट्यावर पडलेलं पाणी दोन्ही बाजूंच्या ओघळांनी निघून जातं आणि जे मुरतं तेही हळूहळू खालच्या वावरांकडे सरकतं. म्हणून खालच्या भारी जमिनीतल्या विहिरीला एप्रिलातही पाणी आणि वरच्या बरडात फेब्रुवारीतच ठणठणाट. लहानपणापासून बघत आलेली गोष्ट पहिल्यांदा समजली. त्यानंतर भूगोल मला सोपाही वाटला नाही आणि अवघडही नाही, तो माझा वाटायला लागला.

तिसऱ्या वर्षी गावसर्वेक्षणाचा प्रकल्प असतो. बरीच मुलं मागच्या वर्षीच्या फाईलवरून आकडे उतरवतात, हे सगळ्या कॉलेजांत चालतं. तुम्ही तसं करू नका, एवढी माझी कळकळीची विनंती आहे. मी आमच्याच गावात घरोघर फिरले. जमीन किती, ओलीत किती, विहीर की बोअर, शिक्षण किती, पोरं बाहेर कुठे गेली. पहिल्या आठ-दहा घरांत लोक हातचं राखून बोलले. "कायले पायजे वं हे? कोन्या योजनेचं हाय काय?" मग प्रश्नांची वही बाजूला ठेवून आधी पिकापाण्याचं बोलायचं, सोयाबीनवर औंदा काय रोग आला ते विचारायचं आणि मग मुद्द्यावर यायचं, हे शिकले. कोणत्या घरी पुरुषासमोर बाई बोलत नाही आणि म्हणून दुपारी पुन्हा जावं लागतं, हेही तिथेच कळलं. आज संस्थेत नव्याने येणाऱ्या मुलांना मी जे शिकवते त्यातलं निम्मं त्या प्रकल्पातून आलेलं आहे.

त्याच फिरण्यात एका मावशीचं घर लागलं. नवरा वारून काही वर्षं झालेली, तीन एकर कोरडवाहू तीच कसत होती, पण सातबाऱ्यावर अजून नवऱ्याचंच नाव. वारस नोंद झालेली नाही म्हणून पीककर्ज नाही आणि शेताच्या कुठल्याही योजनेचा अर्ज पुढे सरकत नाही. मी सरांना विचारलं. त्यांनी फेरफार, म्हणजे जमिनीच्या मालकीतल्या बदलाची नोंद, काय असते, वारसाचा अर्ज तलाठ्याकडे कसा द्यायचा, सोबत मृत्यूचा दाखला आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र कसं जोडायचं ते समजावून सांगितलं. मावशीचा अर्ज मी लिहिला. नोंद व्हायला वेळ लागला, पण झाली. अर्ज लिहिता येणं ही किती मोठी गोष्ट आहे, हे गावात राहिल्याशिवाय कळत नाही. विषय वर, महोदय, मोजक्या ओळींत मागणी, सोबतच्या कागदांची यादी, खाली सही आणि पोच घेण्यासाठी दुसरी प्रत. पदवीधर माणसाला हे यायलाच पाहिजे. तुमच्या घरच्यांनी तुम्हाला शिकवायला पाठवलं त्यात ही अपेक्षाही असते, बोलून कोणी दाखवत नाही एवढंच.

पुस्तकांचं थोडक्यात सांगते. गाईड घ्या, परीक्षेच्या आदल्या रात्री उपयोगी पडतं, पण विषयाचं एक तरी मूळ पाठ्यपुस्तक ग्रंथालयातून काढून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचा. तालुक्याच्या कॉलेजांच्या ग्रंथालयांत चांगली पुस्तकं असतात, फक्त मागणारे कमी असतात. ग्रंथपालांशी ओळख ठेवा. उत्तरं मराठीत लिहिलीत तरी महत्त्वाच्या संज्ञा इंग्रजीतूनही माहीत करून घ्या, पुढे संगणकावरचं सगळं काम इंग्रजी शब्दांतच चालतं. शिक्षकांकडे तास संपल्यावर थांबा. वर्गात मुलंच कमी येतात, त्यामुळे जो थांबतो त्याला सर-मॅडम मनापासून वेळ देतात. माझ्या सरांनी मला कॉलेज सुटल्यावर स्टाफरूममध्ये बसवून नकाशे शिकवले, त्यांचं ऋण मी विसरणार नाही.

हंगामाची अडचण मात्र शहरातल्या मुलांना कळणार नाही. हिवाळी परीक्षा येते तेव्हाच घरी सोयाबीनची सोंगणी उरकायची असते आणि कापूस वेचायला आलेला असतो. मजूर मिळत नाहीत, मग घरचीच माणसं लागतात. "दोन दिस पेपर असल तं जा, बाकीचे दिस वावरात ये," असं आई म्हणते तेव्हा तिचं चुकत नाही. यावर माझा एकच उपाय होता. वेळापत्रक लागलं की लगेच घरात सांगायचं, कॅलेंडरवर तारखांना गोल करायचा आणि आपण कोणत्या दिवशी वावरात येणार ते स्वतःहून सांगून टाकायचं. आयत्या वेळी नाही म्हटलं की भांडण होतं, आधी सांगितलं की घरचे मजुरांचं तसं जुळवतात. आणि विषयाचं मुख्य वाचन ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच करून ठेवा. डवरणी-निंदण आटोपल्यावर आणि सोंगणीच्या आधी मधले काही आठवडे जरा मोकळे मिळतात. आपल्याकडचा अभ्यासाचा खरा हंगाम तोच.

आता कागदपत्रांकडे. याबद्दल सविस्तर लिहिते, कारण हुशार मुलं इथे अडकलेली मी डोळ्यांनी बघितली आहेत. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जातीचा दाखला आणि लागू असेल तर नॉन क्रिमीलेअर, हे निकाल लागायच्या आधी एप्रिल-मे महिन्यातच सेतूतून काढून ठेवा. जूनमध्ये सगळा तालुका तिथे उभा असतो. सगळ्यात महत्त्वाची जात वैधता, म्हणजे जातीचा दाखला खरा असल्याचं समितीने तपासून दिलेलं प्रमाणपत्र. बी.ए.च्या प्रवेशाला ती कोणी मागत नाही म्हणून मुलं निर्धास्त राहतात. पुढे बी.एड.सारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमाला किंवा राखीव जागेवर निवड झाली की ती मागतात आणि तेव्हा धावपळ होते. पुरावा जुना लागतो. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७, या तारखांच्या आधीचा. म्हणजे वडिलांचा दाखला बहुतेक वेळा पुरत नाही, आजोबा-पणजोबांपर्यंत जावं लागतं.

आजोबा शाळेत गेले असतील तर त्या गावच्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा मिळतो. शाळेचं तोंडही बघितलं नसेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुकाची नक्कल मागा. जुन्या काळी कोतवाल गावातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी ठेवत, त्यात जातीचाही उल्लेख असतो. नक्कल शोधायला आजोबांचं, त्यांच्या वडिलांचं नाव आणि अंदाजे साल लागतं. ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आजच विचारून लिहून ठेवा. कोणता भाऊ कोणाचा, कोणाला कोणत्या नावाने हाक मारत, मूळ गाव कोणतं, हे त्यांनाच ठाऊक असतं. आमच्या आजीने चुलीजवळ बसल्या बसल्या चार पिढ्यांची वंशावळ सांगितली होती, ती वही आजही मी जपून ठेवली आहे. नात्यातल्या कोणाची वैधता आधीच झाली असेल तर तिची प्रत मिळवा, काम पुष्कळ हलकं होतं.

शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर भरले जातात आणि दरवर्षी नव्याने नूतनीकरण करावं लागतं. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात जातात, म्हणून बँकेत जाऊन जोडणी झाल्याची खात्री करा. आणि अर्ज भरला म्हणजे काम झालं असं समजू नका. तो कॉलेजच्या लॉगिनमधून मंजूर होऊन पुढे जावा लागतो. बाबूंना अधूनमधून नम्रपणे विचारत राहा. बाहेरगावी राहून शिकणार असाल आणि शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नसेल, तर अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलांसाठी स्वाधार, आदिवासी मुलांसाठी स्वयम् आणि इतर मागासवर्गातल्या मुलांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. खुल्या प्रवर्गातल्या कमी उत्पन्नाच्या घरांसाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. ही भीक नव्हे. १९३२ साली पंजाबराव देशमुखांनी अमरावतीत शिवाजी शिक्षण संस्था उभी केली, ती खेड्यातल्या बहुजनांच्या पोरांनी शिकावं म्हणून. आपल्या भागात तालुक्या-तालुक्याला कॉलेज दिसतं त्यामागे अशा माणसांची आयुष्यं आहेत. हक्काचं आहे ते मागायला लाजू नका.

तुमच्या वेळेला आणखी एक बदल झाला आहे. संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून नवं शैक्षणिक धोरण लागू झालं. आता श्रेयांक मोजले जातात, ते तुमच्या एबीसी आयडीवर, म्हणजे श्रेयांकांच्या ऑनलाईन खात्यात, जमा होतात, तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं किंवा चौथं वर्ष करून ऑनर्स घेता येतं. त्यात प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण आणि क्षेत्रभेटी आहेत. हे माझ्या वेळी असतं तर मी फार खूश झाले असते. प्रशिक्षणाचं नुसतं सर्टिफिकेट कुठून मिळेल ते शोधण्यापेक्षा तालुका कृषी कार्यालय, पाणलोटाचं काम करणारी एखादी संस्था, शेतकरी उत्पादक कंपनी, दूध संकलन केंद्र अशा ठिकाणी खरंच जाऊन काम करा. राष्ट्रीय सेवा योजनेत नाव द्या. सात दिवसांच्या शिबिरात सकाळी श्रमदान, दुपारी बौद्धिक, रात्री गावकऱ्यांसमोर कार्यक्रम असतो. चारचौघांत उभं राहून बोलायची माझी भीती तिथे गेली.

निकाल लागल्यावर कॉलेजकडे पाठ फिरवायच्या आधी सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका, टीसी आणि विद्यापीठ बदलणार असाल तर मायग्रेशन घ्या. दहावीची सनद, आधार आणि गुणपत्रिका यांत नावाचं स्पेलिंग एकच आहे का ते पहिल्याच वर्षी तपासा. आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, अक्षर न् अक्षर. पदवी प्रमाणपत्र दीक्षान्त समारंभानंतर मिळतं. ते आणून प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवा, कपाटातल्या उंदरांचं आणि पावसाळी ओलीचं आपल्याकडे काही सांगता येत नाही.

भूगोलवाल्यांसाठी पुढच्या वाटा सांगते, कारण 'भूगोलाला स्कोप नाही' हे वाक्य मी फार ऐकलं आहे. डेहराडूनची भारतीय सुदूर संवेदन संस्था (सुदूर संवेदन म्हणजे उपग्रहाच्या चित्रांवरून जमिनीचा अभ्यास) घरबसल्या करता येतील असे मोफत ऑनलाईन अभ्यासक्रम चालवते. क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि साध्या लॅपटॉपवर चालतं. आपल्या नागपुरात महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र आहे, राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण ब्युरोचं मुख्यालय आहे. विदर्भातल्या मुलांनी मुंबई-पुण्याकडेच डोळे लावून बसायचं कारण नाही. शिकवायची आवड असेल तर बी.एड. दोन वर्षांचं आहे, कॉलेजात शिकवायचं असेल तर एम.ए. आणि नेट-सेट ही प्राध्यापकांची पात्रता परीक्षा.

माझी नोकरीची मुलाखत आजही डोळ्यांपुढे आहे. समोर तिघं बसले होते. गुण किती ते त्यांनी विचारलं नाही. एक भूपत्रक पुढे सरकवलं आणि म्हणाले, "या पाणलोटाची हद्द काढा आणि नाला बांध कुठे घालाल ते दाखवा." मी पेन्सिल घेतली. सगळ्यात उंच बिंदू जोडत माथ्याची रेषा ओढली, ओघळी कुठे एकत्र येतात ते पाहिलं आणि एक जागा दाखवली. तिथे का, म्हणून विचारलं. सांगितलं की इथे नाल्याचा उतार कमी आहे, पात्र अरुंद आहे आणि खालच्या बाजूला ओलिताची वावरं दिसतात. पण बांधाच्या आधी माथ्यावर सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवे, एकाच उंचीवरून जाणारे चर, खोदावे लागतील, नाहीतर पहिल्या दोन पावसाळ्यांतच बांध गाळाने भरेल. हे उत्तर कुठल्याच गाईडमध्ये नव्हतं. ते त्या प्रात्यक्षिकाच्या टेबलावर शिकले होते, तालुक्याच्या कॉलेजात, गळक्या छताच्या खोलीत.

शेवटी मुलींसाठी. पदवी होताच घरात स्थळांचं बोलणं सुरू होतं. तेव्हा "मला अजून शिकायचंय" एवढंच म्हटलं तर कोणी ऐकत नाही. मी बाबांना म्हटलं, "बाबा, मले दोन वर्स द्या, अमरावतीत एम.ए. करतो." ते म्हणाले, "पैसे किती लागतीन ते लिहून दे." आई मध्येच म्हणाली, "लोक काय म्हनतीन?" बाबांनी तिच्याकडे बघितलं आणि मला पुन्हा म्हणाले, "लिहून दे." मी खोलीभाडं, मेस, एसटी, पुस्तकं, फी असं सगळं महिन्यावार लिहून दिलं. त्यांनी कागद कापसाच्या पट्टीसोबत, म्हणजे विक्रीच्या पावतीसोबत, खिशात ठेवला आणि चुकारा, म्हणजे कापसाचे पैसे, आल्यावर पहिल्या सत्राचे पैसे दिले. आता २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे प्रवासाचा खर्च आणखी कमी झाला. तुम्ही अशी यादी कराल तेव्हा खोलीचं डिपॉझिट, परीक्षा फी आणि सणावाराला मेस बंद असते तेव्हाचं जेवण ही तीन कलमं हमखास सुटतात. ती आधी लिहा आणि बाकीचे आकडे त्यानंतर मांडा.